मेकवॉरियरमध्ये सगळा मारा एकाच भागावर कसा बसवायचा

मेकवॉरियर म्हणजे मेक नावाच्या अवाढव्य चालत्या यंत्रमानवांत बसून लढण्याचा व्हिडिओ गेम. सामना संपल्यावर स्कोअरबोर्डवर ७०० डॅमेज आणि किल शून्य दिसत असेल, तर बहुतेक वेळा गोळ्या चुकलेल्या नसतात. त्या लागलेल्या असतात, पण आठ ठिकाणी. मेकचे भागच आठ: डोकं, मधली छाती म्हणजे सीटी, दोन साईड टॉर्सो म्हणजे छातीच्या बाजू, दोन हात, दोन पाय. प्रत्येकाचं आर्मर वेगळं आणि त्याखालचं स्ट्रक्चर म्हणजे सांगाडाही वेगळा. मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये ५० टनी मेकच्या साईड टॉर्सोला पुढचं-मागचं मिळून जास्तीत जास्त ४८ आर्मर असतं आणि खाली २४ स्ट्रक्चर. क्वर्क्समुळे, म्हणजे त्या-त्या मेकच्या खास बोनसमुळे, यात भर पडते ती वेगळी. म्हणजे समोरून ७० च्या आसपास डॅमेज एकाच बाजूत घातलं, की ती बाजू हातासकट गळून पडते. इनर स्फिअरचं (खेळातल्या दोन बाजूंपैकी एक, दुसरी क्लॅन) एक्सएल इंजिन, म्हणजे साईड टॉर्सोतही पसरलेलं हलकं इंजिन, असेल तर मेकच खलास. तेच ७० डॅमेज सहा भागांत वाटलं तर प्रत्येकाला बारा-बारा येतं आणि समोरच्याचा फक्त रंग खरवडला जातो.

इथले आकडे मेकवॉरियर ऑनलाइनचे आहेत आणि पॅचनुसार थोडे इकडेतिकडे होतात. पद्धत मात्र मेकवॉरियर ५ मर्सिनरीज आणि २०२४ च्या क्लॅन्समध्येही बहुतांशी तशीच चालते. आर्मर्ड कोअर ६ वाल्यांनी हे वाचून उपयोग नाही. तिथे लॉक-ऑन आहे, भागवार आर्मर नाही, आणि खेळ सगळा स्टॅगरचा, म्हणजे शत्रूला हादरवून क्षणभर गारद करण्याचा आहे.

पायरी १: शस्त्रांचे गट

गट सहा मिळतात. ‘सगळं एका बटणावर टाक आणि अल्फा मार’ हा सल्ला जो देतो, त्याच्या मागे उभं राहून त्याचा खेळ एकदा बघा. लेझर दाबल्या क्षणी लागतो. एसी/२० या ऑटोकॅनन तोफेचा गोळा सेकंदाला साधारण ६५० मीटर जातो. एसआरएम, म्हणजे छोट्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं, त्याहून संथ. या तिघांना एकाच क्लिकवर सोडलं, तर पळणाऱ्या मेकवर तिन्ही तीन जागी बसणार. यात नेमाचा दोष नाही, गणिताचा आहे.

गट पाडताना वेग आधी बघा, शस्त्र मेकच्या कोणत्या बाजूला बसलंय ते नंतर, रेंज सगळ्यात शेवटी. सारख्या वेगाची, एकाच बाजूची शस्त्रं एका बटणावर. गॉस रायफल एकटी ठेवा. तिला चार्ज करून सोडावं लागतं, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाबरोबर नांदत नाही.

पायरी २: आर दाबा, मग भाग निवडा

आर कळ दाबून टार्गेट लॉक केल्याशिवाय गोळी सोडू नका. क्षणभरात शत्रूचं चित्र येतं आणि कोणता भाग आधीच पिवळा-लाल झालाय ते कळतं. साथीदाराने उघडलेल्या भागावरच मारा करा, तुमची आवड बाजूला ठेवा.

सगळे भाग ताजे असतील तर मेक ओळखून ठरवा. हंचबॅक ४जी: उजवा खांदा, तोफ तिथेच आहे. सेंच्युरियन: उजवा हात, डावा नुसती ढाल आहे. ॲटलास डी: उजवी बाजू, एसी/२० तिथे. हलके मेक: पाय. एक पाय गेला की ते रखडतात, दोन्ही गेले की मरतात. आणि ‘डोक्यात मार’ हा हौशी सल्ला विसरा. तिथे १८ आर्मर अधिक १५ स्ट्रक्चर फोडायचं, तेही कॉकपिटच्या हलत्या काचेएवढ्या जागेत. उभ्या, बंद पडलेल्या मेकसाठी ठीक.

पायरी ३: कन्व्हर्जन्स. इथेच सगळे अडकतात

डॅमेज पसरतं म्हटलं की सगळे माऊसची सेन्सिटिव्हिटी कमी करायला सांगतात. करा, पण त्याने पाव प्रश्न सुटतो. उरलेला पाऊण कन्व्हर्जन्सचा, म्हणजे सगळ्या शस्त्रांच्या रेषा एका बिंदूवर मिळण्याचा आहे, आणि त्याबद्दल कुणी धड बोलत नाही.

शस्त्रं मेकच्या अंगावर वेगवेगळ्या जागी असतात, डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. ती एका बिंदूवर यावीत म्हणून गेम एक अंतर धरतो, आणि ते अंतर म्हणजे क्रॉसहेअरच्या (नेमाच्या खुणेच्या) बरोबर मध्याखाली त्या क्षणी जी वस्तू असेल तिचं. शत्रूच्या अंगावर क्रॉसहेअर असेल तर सगळ्या रेषा त्याच्या अंगावर मिळतात. झकास. पण पळणाऱ्याला तोफेने मारताना क्रॉसहेअर त्याच्या पुढे ठेवावा लागतो. मग मध्याखाली शत्रू नसतो, मागची टेकडी असते. रेषा त्या टेकडीवर जाऊन मिळतात.

आकड्यात बघा. शत्रू २६० मीटरवर आडवा पळतोय, ताशी ८१ किलोमीटरने. म्हणजे सेकंदाला साडेबावीस मीटर. एसी/२० चा गोळा तिथे पोचायला ०.४ सेकंद घेतो, तेवढ्यात तो ९ मीटर सरकतो. त्यामुळे क्रॉसहेअर ९ मीटर पुढे ठेवावा लागेल, अंगापासून पार बाहेर. मागची टेकडी ८०० मीटरवर आहे असं धरा. तुमच्या दोन तोफा मध्यापासून तीन-तीन मीटरवर, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्या रेषा ८०० वर मिळणार, म्हणून २६० वर त्या अजून मध्यापासून दोन-दोन मीटर लांबच असतात. दोन गोळ्यांत चार मीटरचं अंतर. एक साईड टॉर्सोत, दुसरा पलीकडच्या हातात, नाहीतर हवेत. हात जराही थरथरला नव्हता, लीडही (नेम पुढे धरण्याचं अंतर) बरोबर होती, तरी मारा फाटला.

याच्या उलटं त्याहून वाईट. क्रॉसहेअर चुकून १०० मीटरवरच्या खांबावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर आला, तर रेषा तिथेच मिळतात, एकमेकींना ओलांडतात आणि पुढे फाकतात. २६० मीटरवर त्या मध्यापासून जवळजवळ पाच मीटर उलट्या बाजूला गेलेल्या असतात. आडोशाच्या कडेवरून डोकावून मारणाऱ्यांचे गोळे शत्रूच्या दोन्ही अंगांनी निघून जातात ते यामुळेच. लोक मग लॅगला शिव्या घालतात.

खात्री करायची असेल तर टेस्टिंग ग्राउंडमध्ये जा. उभ्या मेकपासून अडीचशे मीटरवर थांबा. क्रॉसहेअर आधी त्याच्या छातीवर ठेवून एकदा मारा. मग त्याच्या खांद्याच्या जरा बाहेर, मागच्या मोकळ्या डोंगरावर ठेवून मारा. दोन्ही वेळा गोळ्यांचा माग बघा. दुसऱ्या वेळी रेषा शत्रूपाशी मिळतच नाहीत, हे डोळ्यांना दिसतं.

आता उपाय, माझ्या मते उपयोगाच्या क्रमाने.

तोफा एका बाजूला बसवा. दोन्ही एकाच हातात किंवा एकाच साईड टॉर्सोत असल्या तर कन्व्हर्जन्स चुकलं तरी दोन्ही सारख्याच चुकतात. मारा फाटत नाही, फक्त सरकतो, आणि सरकलेला मारा पुढच्या वेळी दुरुस्त करता येतो. तोटा एकच, ती बाजू गेली की सगळं गेलं. तो तोटा पत्करण्यासारखा आहे. दोन्ही खांद्यांवर एकेक तोफ लावून दिसतं छान, पण त्या बिल्डने आडवा पळणारा मारायला जाऊ नका.

आडव्या पळणाऱ्याला सोडा. तो तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून सरळ जात असतो तेव्हा लीड जवळपास लागत नाही, क्रॉसहेअर अंगावरच राहतो, कन्व्हर्जन्स आपोआप बरोबर. म्हणून कोपऱ्यावर उभे असाल तर तो वळून तुमच्या रेषेत येईपर्यंत थांबा. जंप जेटवाला खाली टेकतो तो क्षणही असाच. अर्धा सेकंद तो जागच्या जागी असतो.

मागची बाजू निवडा. शत्रूच्या लगेच मागे इमारत किंवा कडा असेल तर क्रॉसहेअर तिच्यावर पडला तरी फरक मीटरभराचाही राहत नाही. उघड्या आकाशासमोर किंवा लांब टेकडीसमोर पळणाऱ्यावर लेझर वापरा, कारण लेझरला लीडच नको.

आणि हात-छातीचा घोळ. हातांची खूण आणि छातीची खूण वेगळी असते. माऊस झटकला की हात आधी पोचतात, छाती मागून येते. दोन खुणा एकमेकींवर येण्याआधी बटण दाबलं तर अर्धा मारा एकीकडे, अर्धा दुसरीकडे. नवख्यांनी दोन्ही खुणा एकत्र बांधणारा आर्म लॉक चालू ठेवावा. सरावलेल्यांनी बंद ठेवावा, पण खुणा जुळल्याशिवाय बोट हलवू नये.

पायरी ४: लेझर धरून ठेवा

मीडियम लेझर ५ डॅमेज देतो, पण ०.९ सेकंदात. सहा लेझरचं ३० डॅमेज हे कागदावर. किरण सीटीवर ०.३ सेकंद राहिला तर तिथे १० जातं, बाकी २० शत्रू वळताना हातावर आणि पलीकडच्या बाजूवर सांडतं. म्हणून लेझर मारताना बटणानंतरचं काम महत्त्वाचं. शत्रूचा वेग पकडून आधी क्रॉसहेअर त्याच्याबरोबर सरकवायला लागा, तो भागावर स्थिर झाला की मगच दाबा. आधी दाबून मग भागाकडे ओढत नेणं ही सवय मोडा. पल्स लेझर कमी वेळ जळतो, म्हणून वळवळणाऱ्यांवर तो बरा. मर्सिनरीजमध्ये एसबी (शॉर्ट बर्स्ट) लेझर याच कामाचे.

क्लॅनच्या ऑटोकॅनन एका दाबात अनेक गोळे सोडतात, मर्सिनरीजमधले बीएफ (बर्स्ट फायर) प्रकारही तसेच. त्यांना लेझरसारखंच धरून ठेवावं लागतं. त्यांची एसी/२० शी नुसत्या आकड्यावरून तुलना करणारे लोक डोकं उठवतात.

पायरी ५: पसरवणारी शस्त्रं कधी काढायची

एलबी १०-एक्स या छर्ऱ्यांच्या तोफेचे दहा छर्रे, प्रत्येकी एक डॅमेज. ताज्या आर्मरवर ते फुकट आहे. तेच आर्मर उघडल्यावर फार कामाचं: उघड्या भागात शिरणारा प्रत्येक छर्रा आतली तोफ किंवा दारूगोळा फोडायची संधी घेतो. मशीनगनचंही तेच. क्रम लक्षात ठेवा, आधी एका जागी बसणारं, मग पसरट. कितीतरी बिल्ड उलटे चालवले जातात, लांबून छर्रे आणि जवळ गेल्यावर गॉस.

एसआरएम शंभर मीटरच्या आत. एलआरएम (लांब पल्ल्याचा क्षेपणास्त्र-संच) इनर स्फिअरचा असेल तर १८० मीटरच्या आत निकामी, आणि एका भागावर बसवण्यासाठी तो कधी बनलेलाच नाही. तो शत्रूला आडोशाआड बसवायला वापरा. ताशी १३० च्या वर पळणाऱ्या हलक्या मेकवर मात्र अचूकतेचा हट्ट सोडा, स्वतःच पाठलाग करणारी स्ट्रीक एसआरएम सोडा आणि मोकळे व्हा.

हेअरब्रेन्ड स्कीम्सच्या २०१८ च्या बॅटलटेकमध्ये नेम तुमच्या हातात नसतो, कॉल्ड शॉट असतो, म्हणजे कोणत्या भागावर मारायचं ते फक्त निवडता येतं. तिथे मात्र डोक्याचा हट्ट करा: पायलट मेला तर मेकचे तीन तुकडे (जोडून स्वतःचा मेक बनवायला) हाती लागतात, दोन्ही पाय तोडले तर दोन, सीटी फोडली तर एकच.

पायरी ६: उष्णता

दोन एसी/२० एकाच क्षणी सोडल्या तर जादा उष्णतेचा दंड बसतो. अर्ध्या सेकंदाचं अंतर ठेवलं तर नाही. पण त्या अर्ध्या सेकंदात शत्रू हलतो, म्हणून दुसरा गोळा नव्याने नेम धरून सोडा, पहिल्याच्या जागेवर नाही.

पायरी ७: मारून झालं की वळा

तुम्ही त्याचा मारा एका भागावर घेऊ नये, हे याच गणिताचं दुसरं टोक. तोफ रिकामी झाली, की ती पुन्हा भरेपर्यंत छाती वळवून ज्या बाजूला शस्त्रं नाहीत ती पुढे करा. सेंच्युरियनची ढाल त्यासाठीच आहे. समोरच्याचा लेझर जळत असताना वळलात तर त्याचं अर्धं डॅमेज हातावर सांडतं. पूर्ण पाठ मात्र दाखवू नका, मागचं आर्मर सगळ्यांचंच पातळ असतं.

नागपुरातून खेळताना

मेकवॉरियर ऑनलाइनचे सर्व्हर उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात. नागपुरातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चांगला येणार नाही, हे धरूनच चला. पण म्हणून क्रॉसहेअर आणखी पुढे नेऊ नका. गेममध्ये होस्ट स्टेट रिवाइंड आहे, तुमच्या पडद्यावर जिथे लागलं तिथेच सर्व्हर ते मोजतो. लीड फक्त गोळ्याच्या वेगाची द्यायची, पिंगची नाही. पिंग जास्त असला तरी चालतो, सतत वरखाली होणारा चालत नाही. म्हणून वायफाय सोडा आणि केबल लावा. चौघे मित्र असाल तर मर्सिनरीजचं को-ऑप बरं, होस्ट गावातलाच असतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला, की पीसीचं ग्राफिक्स कार्ड मेकच्या आधी तापतं आणि फ्रेम ऐन माऱ्याच्या वेळी पडतात. फ्रेम ६० वर बांधून टाका. ९० वरून ४० वर आदळणाऱ्या पडद्यापेक्षा स्थिर ६० वर लेझर कितीतरी नीट धरता येतो. कूलरची हवा थेट टेबलावर घेऊ नका. दमट हवेने कापडी माऊसपॅड ओलसर होतो, माऊस अडखळतो आणि बारीक सरकवणं जमत नाही. तो झोत पाठीमागून घ्या, नाहीतर सीताबर्डीतून कडक प्लास्टिकचा पॅड आणा.