शंका म्हणजे डाउट, आणि तिथंच घोळ

चाकणला डिस्पॅचमध्ये लागलो तेव्हा इंग्रजी शब्द माझ्याकडे भरपूर होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पण शब्दार्थ तोंडपाठ. एकदा गाडी घाटात अडकली. उशीर होणार अशी शंका आली. शंका म्हणजे डाउट, म्हणून गिऱ्हाइकाला मेल ठोकला, ‘आय डाउट द ट्रक विल बी लेट.’ त्याचा अर्थ नेमका उलटा: गाडीला उशीर होईल असं वाटत नाही. गिऱ्हाईक निवांत, गाडी पाच तास लेट, आणि बोलणी मला. तिथं ‘सस्पेक्ट’ हवा होता.

तेव्हापासून वहीत ‘शब्द = अर्थ’ लिहिणं बंद. आता वाक्य लिहितो.

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर लिहा, उजवं कोरं ठेवा. दिवसाला तीनच शब्द, तेही वाचताना किंवा लिहिताना खरोखर अडलेले. रोज वीस शब्दांची यादी मीही करून पाहिली. आठवड्यात बोऱ्या वाजला.

आधी शिकणाऱ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. ऑक्सफर्डचा असा कोश मुळात ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना केला. १९४२ साली तो तिथंच निघाला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच केलेला, त्यामुळे शब्द कुणासोबत नांदतो तेही त्यात कळतं. ‘बॉरो’सोबत ‘फ्रॉम’, ‘लेंड’सोबत ‘टू’. आपल्याकडे उसने घ्या नाहीतर द्या, शब्द ‘उसने’च, म्हणून हे दोन हमखास उलटे होतात. अशा जोड्या एकाच वाक्यात बांधून टाकतो: ‘आय बॉरोड फाइव्ह हंड्रेड रुपीज फ्रॉम माय ब्रदर अँड लेंट इट टू माय फ्रेंड.’ (खरी गोष्ट. भावाला अजून परत केलेले नाहीत.)

आता तुमचं वाक्य. ‘ही इज रिलक्टंट’ हे वाक्य नव्हेच. ‘रिलक्टंट’ काढून ‘टॉल’ घाला, ‘हंग्री’ घाला, काही बिघडत नाही. म्हणजे त्या वाक्यानं शब्दाला धरलेलंच नाही. मी लिहिलं: ‘माय फादर वॉज रिलक्टंट टू सेल हिज ओल्ड स्कूटर, बट ही फायनली अ‍ॅग्रीड.’ इथं ‘टॉल’ बसतच नाही. विकायचं मन नव्हतं, शेवटी तयार झाले. ‘बट’च्या पुढचा भाग अर्थ सांगतो. आणि ‘टू सेल’मुळे पुढं काय जोडायचं तेही हाताला बसतं. वाक्य शक्यतो कालच्या दिवसातलं, घरातलं, ओळखीच्या माणसांचं असावं. ‘राम इज अ बॉय’ छापाचं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. बाबांची स्कूटर आठवते.

तपासायला कुणी नसेल तर वाक्यातले शब्दाच्या आजूबाजूचे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. नीट इंग्रजी लिहिणाऱ्यांनी ते तसे वापरलेले सापडले नाहीत तर संशय घ्या. एआयला विचारायला हरकत नाही, पण ‘वाक्य करून दे’ म्हणू नका. ‘माझ्या वाक्यात चूक कुठं आहे’ एवढंच विचारा. आयतं वाक्य डोक्यात राहत नाही, निदान माझ्या तरी.

चार दिवसांनी उजव्या पानावर तीच वाक्यं शब्दाच्या जागी रेघ मारून उतरवा आणि मग डावं पान झाका. आठवलं तर रेघेवर शब्द भरा, नाहीतर नवं वाक्य करा. चूक झाली तर खोडरबर नको, लाल पेननं काट मारा. चुकीचं दिसत राहिलेलं बरं.

सध्या माझा ‘अनलेस’शी झगडा चाललाय. त्याच्या पोटात ‘नाही’ आधीच असतो, तरी आपल्या ‘नाही आलास तर’मधला ‘नाही’ आपसूक सोबत येतो आणि मी लिहितो, ‘अनलेस यू डोन्ट साइन, वी कान्ट डिस्पॅच.’ कालच्या पानावर चौथ्यांदा ‘डोन्ट’वर लाल काट मारलीय.