जायला लागलेली हार्ड डिस्क बदलताना या चुका टाळा

मे सरून पहिला पाऊस पडला, वीज दिवसातून चारदा ये-जा करू लागली, की फोंड्यातल्या माझ्या टेबलावर जुने डेस्कटॉप रांगेने येतात. ‘सीपीयू आणलाय’ म्हणत माणूस अख्खा डबा उचलून आणतो आणि सांगतो, ‘स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या.’ पीसी दहा-बारा वर्षांचा, आत मूळचीच ५०० जीबीची डिस्क. स्लो कसला, ती जायला लागलेली असते. डिस्क बदलणं हे चार स्क्रूंचं काम. घोळ होतो तो स्क्रूपर्यंत पोचायच्या आधी.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते चेकडिस्कने, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या कमांडने. व्हिडिओवाले सांगतात, स्लॅश आर मारा, डिस्क बरी होते. नाही होत. चेकडिस्क फाइल सिस्टिम दुरुस्त करतं, डिस्क नव्हे. ते एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा एकेक छोटा तुकडा, वाचत सुटतं. जिथे वाचता येत नाही तिथे डिस्क पुन्हा पुन्हा धडपडते आणि तिच्यात उरलेला दम तिथेच जातो. वर फाइलींच्या नोंदी जागच्या जागी बदलतात, त्या मागे फिरवता येत नाहीत.

वाळपईच्या एका काकांच्या पीसीत चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटलेल्या आरत्यांची रेकॉर्डिंग होती, वडिलांच्या आवाजातली. फोटो कॉपी होताना अडकतात म्हणून सुट्टीवर आलेल्या भाच्याने रात्री चेकडिस्क लावलं आणि झोपला. सकाळी बारा टक्के. दुपारी वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. नंतर चालू केला तर टक, टक, टक. डिस्क माझ्याकडे आली तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर, कधी दिसे, कधी नाही. भाचा म्हणतो, ‘दादा, आणखी एकदा चेकडिस्क मारून बघूया?’ मी त्याला चहा आणायला पाठवलं.

लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची कॉपी काढणारं टूल लावलं, डिस्कवर टेबलफॅन सोडला आणि तीन दिवस त्या डब्याला हात लावू दिला नाही. हे टूल आधी सरळ वाचता येणारा भाग उचलतं, अडलं की पुढे जातं, खराब जागांकडे शेवटी वळतं. कुठवर वाचलं त्याची नोंद ठेवणारी मॅप फाइल दिली असेल तर मधेच वीज गेली तरी पुढून सुरू करता येतं. बहुतेक फोटो आले. आरत्या मात्र चेकडिस्कने केलेल्या ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात, नावं पुसलेल्या, नुसते नंबर. काका दोन संध्याकाळ हेडफोन लावून बसले आणि घुमटावर कोणाचा हात आहे ते ऐकून साल सांगत गेले. काही आरत्या अर्ध्यावरच तुटल्या होत्या.

माझी सवय सांगतो. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायचं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या आकड्यासमोर शून्याशिवाय काही दिसलं की पुन्हा मिळणार नाहीत ती फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायची, पीसी बंद करायचा आणि नवी डिस्क आणेपर्यंत चालू करायचा नाही. पण नुसता ‘सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी साटा केबल बदला. आपल्या दमट हवेत कनेक्टर काळे पडतात. केबल बदलल्यावर आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक चांगली डिस्क फेकतात.

बिघडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय विसरा. बांगडा माशांशेजारून काढलेल्या डिस्कवर पावसाळ्यात पाणी धरतं. डिस्क घरी उघडूही नका.

नवी म्हणून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क घेतलीत, तर तिला जुन्या डिस्कचे जाड स्क्रू पिळून बसवू नका, आटे जातात. बूट डिस्क २ टीबीच्या वरची घेऊ नका, जुन्या बायोसवर वरची जागा वाया जाते. मदरबोर्डवर जुना, हळू साटा-दोनचा पोर्ट असला तरी एसएसडी घ्या. वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहील, पण फरक इतका पडेल की घरचे विचारतील, नवा पीसी घेतला का?

क्लोन केल्यावर, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवल्यावर, बायोसमध्ये डिस्कचा मोड आयडीईचा (जुना) एएचसीआय (नवा) करायची घाई नको. विंडोज निळी स्क्रीन दाखवतं आणि लोक म्हणतात क्लोन बिघडला. आधी आहे त्याच मोडवर चालू होऊ द्या. विंडोज १० असेल तर सेफ बूट (सेफ मोडमध्ये चालू होणं) लावा, रीस्टार्टच्या वेळी मोड बदला, मग सेफ बूट काढा.

दुसरी मोठी चूक उलट्या क्लोनची. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या, स्क्रीनवर नुसतं ‘डिस्क शून्य’ आणि ‘डिस्क एक’, आणि माणूस नेक्स्ट-नेक्स्ट दाबत कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओततो. माझ्याकडूनही एकदा झालंय. रात्रीचे साडेअकरा, दिवसभराचा कंटाळा. डिस्क माझीच होती म्हणून शिव्या फक्त बायकोच्या खाल्ल्या. तेव्हापासून जुन्या डिस्कवर मास्किंग टेप, त्यावर ठळक ‘जुनी’ आणि सिरियल नंबरचे शेवटचे चार अंक. ते स्क्रीनवर जुळल्याशिवाय माउसला हात नाही, आणि रात्री दहानंतर क्लोन नाही. गिऱ्हाईक म्हणतं, उद्या सकाळीच पाहिजे. मग उद्या सकाळीच या, तेव्हा सुरू करतो.

पहिलं बूट फक्त नवी डिस्क जोडून करा. जुनी लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर सिलिका जेलच्या पुडीसोबत कपाटात राहू दे. काकांची अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. दर चवथीच्या आधी त्यांचा फोन येतो, आणि मी तेच सांगतो: जेवढं होतं तेवढं दिलंय, काका.