गणपतीला चाकरमान्यांसोबत मांजर आलं तर

मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्यांच्या सामानात हल्ली मांजराचा पिंजराही असतो. गावच्या घरात दोन-तीन मांजरं आधीपासून असतात. ओटीचा खांब, पडवीतलं बाकडं, चुलीकडचा कोपरा हे सगळं त्यांनी गाल घासघासून आपल्या वासाने आपलं करून ठेवलेलं असतं. भांडण होतं ते त्यावरून. मुक्काम पाच-सात दिवसांचा असेल तर ओळख करून द्यायच्या फंदात पडूच नये, पाहुण्या मांजराला वेगळ्या बंद खोलीत ठेवावं. नीट ओळख व्हायला काही आठवडे सहज लागतात. तोवर विसर्जन उरकून गाडी पनवेलला पोचलेली असते.

निघायच्या महिनाभर आधी दोन्हीकडच्या मांजरांचं लसीकरण बघून घ्या, रेबीजचंही. पिसवांचं औषध मांजराचंच आणा. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजर दगावतं.

खोली

बेत फसतो तो इथे. जुन्या कौलारू घरात आतल्या भिंती बऱ्याचदा कौलांपर्यंत जात नाहीत. दाराला कडी घातली तरी मांजर कपाटावरून भिंतीच्या माथ्यावर आणि तिथून माळ्यावर जातं. घरच्या मांजरांची तर उंदरामागची ती रोजची वाट. म्हणून वर स्लॅब असलेली खोलीच द्या. मागाहून बांधलेली एखादी असतेच. दाराखालच्या फटीत गोणपाट गुंडाळून दाबा.

आत पसरट टबात दोन इंच कोरडी रेती घाला. समुद्रावरची वाळू नको, ती मिठामुळे ओल धरते आणि भाद्रपदात वाळत नाही. चुलीतली राखही नको. ती ओली झाली की पंजे चरचरतात आणि मांजर ते चाटतं. पाणी नि खाणं टबापासून लांब ठेवा. पुठ्ठ्याचा खोका आडवा करून त्यात मुंबईहून आणलेलं न धुतलेलं पांघरूण घाला. झांजा वाजायच्या आधी खोलीतला पंखा मोठा करा, म्हणजे बाहेरचा आवाज दबेल.

कोंडलेलं मांजर हिरवं काही दिसलं की चावतं. गौरीचे हात, म्हणजे कळलावी, त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. तिचा कंद, पान, फूल सगळंच विषारी असतं.

घरची मांजरं काय करतील

बंद दारापाशी बसून हुंगतील, मध्येच तोंड अर्धवट उघडून थबकतील. ते वास चाखणं आहे, त्यात काही वावगं नाही. फिस्कारणं, शेपूट पिंजारणं ही भीती. लांब राहायला जागा असली की ओसरते. लक्ष ठेवायचं ते गप्प मांजरावर. अंग ताठ, नजर एकटक आणि शेपटीचं फक्त टोक हलतंय, तर ते झेप घ्यायच्या बेतात आहे. उचलायला जाऊ नका. नजरेच्या आड पुठ्ठा धरा आणि त्याला दुसरीकडे वळवा.

कधी पाहुण्याचा राग घरच्यांवरच निघतो. दाराआडचा वास घेऊन वळलेली मांजरी जन्मापासून सोबत असलेल्या बहिणीवर तुटून पडते. दोघींना वेगवेगळ्या अंधाऱ्या खोल्यांत ठेवा. निवळायला कधी तास लागतात, कधी दिवस.

बोका दाराच्या चौकटीवर मुताची पिचकारी मारेल. सूड म्हणून नव्हे, हद्दीची खूण म्हणून. पुसताना फिनेल वापरू नका, त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला निचरता येत नाही. लादी कपड्यांच्या पावडरने धुवा. जमीन सारवलेली असेल तर वास आत मुरतो, वरून पुसून काही होत नाही. तेवढा थर खरवडून काढा आणि पुन्हा सारवा.

जुंपलीच तर

हात मध्ये घालायचा नाही. सूप किंवा पाट दोघांच्या मध्ये सरकवा आणि एकाला पळायला वाट ठेवा. मांजराचे दात बारीक, त्यामुळे जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत पू धरतो. आठवडाभर रोज अंग चाचपा. गरम, दुखरी सूज लागली तर डॉक्टरकडे न्या. माणसाला चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

मुक्काम लांबला तर

दिवाळीपर्यंत राहायचं असेल तर मग ओळख करून द्या. आधी पांघरुणांची अदलाबदल. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, सहा-सहा फुटांवर, मीठमसाल्याशिवाय उकडलेला, काटे काढलेला बांगडा. दोन्हीकडची मांजरं निवांत खात असतील तरच ताटल्या रोज वीतभर पुढे घ्या. कोणी खाणं सोडलं तर कालच्या जागेवर परत. ताटल्या दाराला भिडल्या की दारात जाळी लावून तेच पुन्हा पहिल्यापासून करा.

पाहुणं परत गेल्यावर खोली लगेच उघडू नका. आधी फरशी धुवा, पांघरुणं काढा. बोका रुसून परसात राहिला असेल तर त्याची ताटली पडवीत रोजच्या जागी, रोजच्या वेळेला ठेवत राहा.