गाडी चेपली, विमा संपलेला, हप्ते चालू: काय काय जमवून ठेवायचं

माझ्या धाकट्या भावाची गाडी अशीच गेली. पुढचा भाग पार चेपलेला, एअरबॅग फुटून लोंबत होत्या आणि कर्ज अर्धंही फिटलं नव्हतं. डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यानं पॉलिसी काढली, तारीख वाचली आणि रस्त्याच्या कडेलाच मटकन बसला. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. पुढचे कित्येक महिने आम्ही दोघं ते निस्तरत होतो. कशाच्या आधी काय करायचं हे कुणी सांगितलं असतं तर बराच पैसा वाचला असता, म्हणून सगळं लिहून काढतोय.

कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग पोलीस. विमा नाही म्हटल्यावर जागेवरच काहीतरी मिटवून निघून जावंसं वाटतं. जाऊ नका, त्यानं प्रकरण चिघळतं. समोरच्या गाडीचा नंबर, त्याच्या विम्याची माहिती, पाहणाऱ्यांचे फोन नंबर टिपून घ्या आणि फोटो चारही बाजूंनी काढा. गाडीत डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड लगेच काढून खिशात टाका. तो जुन्या चित्रीकरणावरच नवं चढवत राहतो, त्यामुळे गाडी ओढून नेताना चालू राहिला तर नेमकी तीच मिनिटं पुसली जाऊ शकतात.

त्यानंतरचा पहिला फोन बँकेला नाही, गाडी जिथे नेऊन ठेवली आहे तिथे करायचा. टोइंगवाल्याचं आवार असो की गॅरेज, जागेचं भाडं बहुतेक ठिकाणी दिवसावर चढतं. हप्ता महिन्यानं येतो, हे भाडं रोज येतं. दर काय, कोणत्या तारखेपासून, सोडवायला कोणते कागद लागतात, हे लेखी मागा आणि फुकट उभी करता येईल अशा जागी गाडी हलवा. आम्ही नऊ दिवस नुसते सुन्न बसून होतो, त्या नऊ दिवसांचं भाडं भरावं लागलं. गाडीतलं आपलं सामान आणि कागद काढून आणा, पण टायर, बॅटरी, स्टिरिओ यांना हात लावू नका. गाडी तारण आहे, तिचा सुटा भाग विकणं म्हणजे तारणाची चीजवस्तू विकणं.

आता पॉलिसी नीट वाचा. संपल्याची तारीखच नव्हे, वेळही बघा. नूतनीकरणाचा हप्ता खात्यातून वळता व्हायचा राहिला का, रद्द झाल्याची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली का, सवलतीची मुदत आहे का आणि त्या मुदतीत अपघाताचं नुकसान धरतात का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. कर्ज देणाऱ्यालाही विचारा की विमा संपल्याचं कळून त्यांनी स्वतः गाडीवर विमा काढला होता का. पुष्कळ करारांत त्यांना तो हक्क असतो आणि त्याचा खर्च तुमच्याच खात्यावर पडतो. तो विमा मुख्यतः त्यांच्या पैशांच्या रक्षणासाठी असतो, दुसऱ्याच्या नुकसानीला सहसा उपयोगी नाही, तरी त्यातून कर्जाचा बोजा हलका होऊ शकतो. आज पॉलिसी काढून अपघात उद्याचा दाखवण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. ती सरळ फसवणूक आहे, त्या वाटेला जाऊ नका.

चूक समोरच्याची असेल तर नुकसानभरपाई त्याच्या विम्याकडे मागता येते. तुमची पॉलिसी संपली म्हणून त्याची चूक पुसली जात नाही, मात्र बिनविम्याच्या चालकाला काय मिळू शकतं यावर काही ठिकाणी कायद्यानं मर्यादा आहेत. चूक तुमची असेल तर समोरच्याचं नुकसान तुमच्या खिशातून जाणार. दोन्ही प्रसंगी ‘सगळं मिटलं’ अशा कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

मग बँक. भाऊ मला म्हणाला, “दादा, गाडीच राहिली नाही, मग हप्ता कशाला भरायचा?” बहुतेकांची गफलत इथेच होते. कर्ज गाडीनं घेतलेलं नसतं, तुम्ही घेतलेलं असतं. गाडी फक्त तारण होती. हप्ता थांबला की दंड, व्याज आणि पत खराब होणं, हे सगळं त्या भंगाराच्या वर येऊन बसतं. विमा चालू ठेवण्याची अट करारात बहुधा असते, ती मोडली म्हणून पूर्ण रक्कम एकदम मागायचा हक्कही त्यांना असू शकतो. म्हणून त्यांना दुसरीकडून कळण्याआधी तुम्हीच कळवा. जाताना करार, फोटो, पोलिसांचा कागद आणि दोन गॅरेजची लेखी अंदाजपत्रकं जवळ ठेवा. आजच्या तारखेला कर्ज मिटवायला किती लागेल याचा आकडा मुद्दल, व्याज, दंड, शुल्क असा फोडून मागा.

दुरुस्त करायची की भंगारात काढायची, हा हिशेब शांतपणे मांडा. समजा कर्ज 100 उरलंय, दुरुस्तीनंतर गाडीला 60 येतील आणि आहे तशी विकली तर 15. म्हणजे दुरुस्तीनं किंमत 45 नं वाढते. दुरुस्तीला 25 लागत असतील तर करा. 50 लागत असतील तर तो खर्च फुकट. शिवाय गाडी उघडल्यावर आतलं नुकसान दिसतं आणि अंदाज वाढतो, हेही धरून चाला.

विकायची ठरली तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी, गिऱ्हाईक नंतर. आलेले पैसे कर्जातच जातात. गाडी त्यांच्या ताब्यात देऊन मोकळं होता येईल असं वाटतं, पण लिलावात किंमत कमी येते, लिलावाचा खर्च वजा होतो आणि उरलेली तूट तुमच्याच नावावर राहते. त्यापेक्षा तूट लहान हप्त्यांत बांधून मागा. जुनी तूट नव्या गाडीच्या कर्जात मिसळायला सांगतील. माझं मत विचाराल तर नकोच, दोन गाड्यांचं ओझं एका गाडीवर येतं. कर्ज आणि गाडीच्या किमतीतला फरक भरून देणारं संरक्षण घेतलेलं असलं तरी मूळ विमा नसताना ते बहुधा पैसे देत नाही. वाढीव वॉरंटीचे आगाऊ पैसे भरले असतील तर उरलेल्या काळाचे परत मागून बघा. आम्हाला तिथून थोडे आले.

प्रत्येक पावतीवर चासी नंबर तपासा. तो 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. पावतीवर ओ दिसला तर तिथे शून्य हवं. कर्ज मिटल्याचं पत्र हातात आल्यावरच खात्यातून जाणारा हप्ता बंद करा, मग नोंदणीवरचा बोजा उतरवून घ्या आणि गाडी भंगारात गेली असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद त्याच पाकिटात ठेवा.