सेन्सर बदलण्याआधी वायरिंग तपासा: थर्मोकपल आणि पीटी१०० मधले दोष कसे शोधावेत

तापमान चुकीचं दिसलं की पहिला सल्ला ठरलेला: सेन्सर बदला. मी काढून टाकलेले कितीतरी सेन्सर नंतर टेबलावर ठणठणीत निघाले. दोष असतो तो बहुतेक वेळा हेड (सेन्सरच्या डोक्यावरची टर्मिनलची डबी) आणि पॅनेल यांच्या मधल्या वायरीत. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, तापमानानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर. पीटी१०० म्हणजे तापमानाबरोबर रोध वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर. लूप (म्हणजे तापमानाचं आपोआप नियंत्रण) मॅन्युअलवर घेतलाय, कामाची परवानगी हातात आहे, हे धरूनच पुढचं लिहितोय.

आधी इंडिकेटर (तापमान दाखवणारं पॅनेलवरचं यंत्र)

थर्मोकपलचा इनपुट असेल तर सेन्सरची केबल सोडवून दोन टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा. पॅनेलच्या आतल्या हवेइतकं तापमान दिसलं की इंडिकेटर बरोबर. पीटी१०० असेल तर १०० ओहमचा अचूक रेझिस्टर लावा, तीन वायरींच्या इनपुटला तिसरं टर्मिनलही ठरल्या जागी जोडा. शून्य अंशाच्या आसपास दिसलं पाहिजे.

पीटी१००

हेडमध्ये केबल सोडवा, मगच ओहम मोजा. जोडलेल्या अवस्थेत मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये दोन लाल आणि एक पांढरी ही नेहमीची रचना. लाल-लाल मध्ये अगदी थोडा रोध, लाल-पांढरीत २५ अंशाला साधारण १०९.७ ओहम. दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहम वाढतात, तेवढ्यावरून सेन्सरचा निकाल लागतो. मल्टिमीटरच्या प्रोबचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नका.

मग हेडमध्ये केबल परत जोडा, पॅनेलकडची टोकं सोडवा आणि तीच मापं तिथे घ्या. इथे बघायचं ते वायरींमधला फरक. तिन्ही वायरी सारख्या असतील तर त्यांचा रोध एकमेकांत वजा होतो. पण एकाच टर्मिनलवर गंज चढून १ ओहम जास्त आला, तर अडीच अंशांची चूक पदरात पडते आणि कुठलाही अलार्म वाजत नाही. स्क्रू आवळून भागत नाही. वायरीचं टोक कापा, नवं सोला.

थर्मोकपल: सलगता

ओहम मोजा, प्रोब उलटे करून पुन्हा मोजा, सरासरी घ्या. सेन्सर गरम असताना त्याचा स्वतःचा व्होल्टेज मल्टिमीटरला फसवतो, म्हणून हा उपद्व्याप.

थर्मोकपल: उलटी जोडणी

इथे मी दोन दिवस घालवलेत.

लाल म्हणजे प्लस ही वीजकामातली सवय इथे गळ्याशी येते. के टाइपच्या (थर्मोकपलच्या तारांच्या धातूंवरून ठरणारा एक प्रकार) अमेरिकन केबलमध्ये पिवळी प्लस आणि लाल मायनस. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रंगात हिरवी प्लस, पांढरी मायनस. जुन्या जर्मन डीआयएन मानकाच्या केबलमध्ये पुन्हा लाल प्लस, हिरवी मायनस. एकाच कारखान्यात या तिन्ही भेटतात.

एका टोकाला उलटलं तर पटकन कळतं. केबल दोन्ही टोकांना उलटली असेल तर मात्र ती गुन्हेगार शोधून सापडत नाही. सेन्सर गरम केला की आकडा वाढतो, त्यामुळे सगळे ‘पोलॅरिटी बरोबर’ म्हणून मोकळे होतात. पण ही केबलही थर्मोकपलसारखा व्होल्टेज देणाऱ्या धातूंची असते आणि तिचा तो वाटा आता उलटा मिळतो. प्रत्यक्षात हेड आणि पॅनेल यांच्या तापमानात जितका फरक, त्याच्या जवळपास दुप्पट आकडा कमी दिसतो. माझ्या भट्टीवर हेड ६० अंशांवर, पॅनेल २५ वर. फरक ३५, चूक ७०. इंडिकेटर ८५० सांगत होता, आत ९२० च्या आसपास होतं. सकाळी थंड भट्टीवर तपासलं की हेड आणि पॅनेल सारखेच, म्हणून चूक गायब! दोन सेन्सर बदलून झाले तरी आम्ही केबलकडे बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक टोक स्वतंत्र तपासतो. हेडमध्ये सेन्सर सोडवा, केबलच्या दोन तारांना पीळ द्या आणि तो पीळ हीट गनने गरम करा. पॅनेलवर आकडा वाढला तर पॅनेलची बाजू सरळ आहे. उतरला तर ती उलटी आहे. हललाच नाही तर पीळ सोडा: इंडिकेटरने आता तुटलेल्या सेन्सरचा इशारा द्यायला हवा. दिला, तर कुणीतरी साधी तांब्याची केबल ओढून ठेवलीये. नाही दिला, तर केबल वाटेत कुठेतरी चेंगरून शॉर्ट झालीये आणि तुम्ही त्या जागेचं तापमान वाचत बसला आहात.

पॅनेलची बाजू सरळ करून सेन्सर जोडा आणि आता सेन्सर गरम करा. आकडा उतरला तर हेडमध्ये उलटलंय. हाच क्रम पाळा. उलट केलात तर दोन चुका पुन्हा एकमेकींना झाकतात.

सेन्सरच्या तारांचा रंग जळून गेला असेल तर लोहचुंबक घ्या. के टाइपची थंड मायनस तार त्याला चिकटते, प्लस चिकटत नाही. जे टाइपमध्ये नेमकं उलटं, लोखंडाची तार प्लस. केबलवर या युक्तीचा भरवसा नाही, कारण काही कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपल पॅनेलपर्यंत नेणाऱ्या स्वस्त केबल) वेगळ्याच मिश्रधातूंच्या असतात.

इन्सुलेशन

शेवटी मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), तोही केबलची दोन्ही टोकं सोडवून. ट्रान्समीटर (सेन्सरचा सिग्नल पॅनेलकडे पाठवणारं यंत्र) जोडलेला ठेवून ५०० व्होल्ट सोडणारे मी पाहिलेत. त्यांच्याकडे नंतर वायरिंगचा दोष नव्हता, ट्रान्समीटरही नव्हता. पीटी१०० सेन्सरला १०० व्होल्ट पुरतात आणि थंड अवस्थेत किमान १०० मेगाओहम मिळायला हवेत. ओल शिरली की समांतर वाट तयार होते आणि आकडा खरा असेल त्याहून कमी दिसतो. थर्मोकपलमध्ये आवरणाशी थेट संपर्क दिसला तर घाबरण्याआधी त्याची पाटी वाचा. ग्राउंडेड जंक्शनचा (तारांचा सांधा आवरणालाच जोडलेला) असेल तर तो तसाच असतो.

हेडचं झाकण लावण्याआधी आत प्लस-मायनसच्या स्लीव्ह चढवा आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथला आवळायचा भाग) आवळा.