शाळेच्या नोंदींवरून लसीकरणाची टक्केवारी काढताना या चुका टाळा

समजा, पहिलीच्या पटावर ४० मुले आहेत. त्यांपैकी २२ जणांची माता-बाल संरक्षण कार्डे पाहायला मिळाली आणि त्यांतील २० मुलांना गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस मिळालेले दिसले. कार्ड नसलेल्यांना वगळले तर प्रमाण ९१ टक्के येते, त्यांना लस मिळालीच नाही असे धरले तर ५० टक्के, आणि सर्वांना मिळाली असे मानले तर ९५ टक्के. कोरा रकाना आपल्या सोयीने भरणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. आपल्याकडे शाळाप्रवेशासाठी लसीकरणाचा दाखला सक्तीचा नसल्याने कोरे रकाने राहणारच. म्हणून ‘माहिती नाही’ असा वेगळा रकाना ठेवावा, ती १८ नावे आशाताई आणि उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या रजिस्टरशी ताडून पाहावीत, आणि टक्केवारीसोबत किती कार्डे पाहिली हेही लिहावे.

दाखल-खारीज रजिस्टरमध्ये एकाच वर्गातील अनेकांची जन्मतारीख १ जून दिसली, तर ती प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिलेली असू शकते. गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांआधीचा डोस नियमित डोसांत धरत नाहीत. त्यामुळे अशा तारखेवरून वय मोजले, तर नवव्या महिन्यात दिलेला डोस सहाव्या महिन्यातला ठरून विनाकारण बाद होतो. जन्मतारीख कार्डावरून किंवा जन्मदाखल्यावरूनच घ्यावी.

वरच्या वर्गांत ‘शाळेत सुई टोचली होती’ असे उत्तर मिळते. ती अनेकदा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेतील असते. तो जादा डोस होता, त्यामुळे नियमित दोन डोसांत तो मोजू नये.

सहा वर्षांच्या मुलाच्या कार्डावरून गोवर लसीकरणाचे आजचे नव्हे, चार-पाच वर्षांपूर्वीचे काम कळते. पाच-सहा वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि दहाव्या वर्षीचा टीडी (धनुर्वात-घटसर्प) यांसाठी मात्र शाळा हीच योग्य जागा आहे.

छेदस्थानी, म्हणजे ज्या एकूण संख्येवर टक्केवारी काढतो तिच्यात, कोण आहे, हे मेळघाटात किंवा गडचिरोलीत विशेष जपून पाहावे लागते. आश्रमशाळेतील मुले दूरच्या गावांची असतात. त्यांची नोंद शाळेच्या गावाच्या उपकेंद्राखाली धरली, तर दोन्ही ठिकाणचे आकडे चुकतात. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडून होळीला परतणाऱ्या कोरकू कुटुंबांची मुले जानेवारीत वर्गात नसतात, आणि त्यांचेच डोस चुकण्याचा धोका अधिक असतो. म्हणून हजेरीवरून नव्हे, पटावरून मोजावे, पटाबाहेरच्या मुलांसाठी अंगणवाडीची यादी जोडावी आणि गैरहजर मुलांची कार्डे होळीच्या आठवड्यात घरी जाऊन पाहावीत.