लिस्बनमध्ये घर घेऊन राहायचं तर

लिस्बनमध्ये मुक्कामासाठी घर बघताना फोटोतल्या बाल्कनीआधी जिन्याची चौकशी करा. शहर टेकड्यांवर वसलंय, आणि आल्फामा, मोरारिया अशा जुन्या भागांत कितीतरी इमारतींना लिफ्टच नाही. जिने अरुंद, लाकडी आणि चांगलेच उभे. आमचा मुलगा तिथे नोकरीला आहे, त्याची जागा एकट्यापुरती. त्यामुळे आम्ही दोघं आणि सासूबाई जातो तेव्हा वेगळं घर भाड्याने घेतो, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून ते आरोयुश भागात शोधतो. तिथून आल्मिरांते रैश हा लांबलचक रस्ता जातो, खालून मेट्रोची हिरवी लाइन. चढ सौम्य, आणि लिफ्ट असलेली घरं मिळण्याची शक्यता जुन्या भागापेक्षा जास्त.

जाहिरातीत घराचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला तो लागतोच, आणि त्याच्या शेवटी ए आणि एल ही अक्षरं असतात. नंबर नसेल तर ते घर सोडून द्या. घरभाडी वाढल्यामुळे या शहरातल्या जुन्या रहिवाशांना आपली वस्ती सोडावी लागते आहे, तिथे निदान नियमाने चालणाऱ्या घरात तरी राहावं असं मला मनापासून वाटतं. भाड्याशिवाय महापालिकेचा करही असतो: 2024 च्या सप्टेंबरपासून माणशी एका रात्रीचे 4 युरो, जास्तीत जास्त सात रात्रींचे. तेरा वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

पत्ता नीट लिहून घ्या. बेलवर बहुधा नावं नसतात. मजल्याचा आकडा आणि पुढे डावं किंवा उजवं, एवढंच असतं. डाव्याला एश्केर्दु, उजव्याला दिरैतु. रात्री उशिरा पोचून भलत्याच घराची बेल वाजवायची नसेल तर हे दोन शब्द पाठच करा.

स्वयंपाकघराबद्दल मालकाला आधीच विचारा: शेगडी गॅसची की विजेची, मोठं पातेलं आहे का, वर धूर ओढणारा पंखा आहे का. आपल्या फोडणीला तो लागतोच. विजेचंही समजून घ्या. तिथे प्रत्येक घराने किती वीज एकावेळी ओढायची ते कंपनीशी ठरलेलं असतं, आणि बऱ्याच घरांत ही मर्यादा कमी असते. ओव्हन, किटली आणि कपड्याचं मशीन एकदम लावलं की सगळं घर अंधारात. घाबरू नका. एखादं यंत्र बंद करा, दाराजवळच्या पेटीतलं मुख्य बटण खाली करा, थोडं थांबून परत वर करा. हिवाळ्यात हे जास्त होतं, कारण बहुतेक घरांत मध्यवर्ती हीटिंग नसतं आणि सगळे विजेच्या हीटरवर असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर लोकरीचे मोजे न्या, घर बाहेरच्यापेक्षा गार वाटतं.

आता सामानाचं. इथे मात्र मी सविस्तर सांगणार, कारण पिशव्या भरभरून डाळ-तांदूळ नेणारी माणसं बघितली की वाईट वाटतं. त्यातलं बहुतेक तिथे मिळतं. मार्तिम मोनिश मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच बेनफोर्मोझो नावाची गल्ली आहे, तिथे बांगलादेशी आणि इतर दक्षिण आशियाई वाण्यांची दुकानं ओळीने आहेत. तूरडाळ, कणीक, हिरव्या मिरच्या, सगळं. घरून फक्त गोडा मसाला, हिंग आणि हवं तर थोडी आमसुलं न्या. तूप, पेढे, दुधाचं काहीही आणि ताजा कढीपत्ता नेऊ नका, युरोपात प्रवाशांच्या सामानातून हे आणायला मनाई आहे.

बाकीचं पोर्तुगीजांच्याच दुकानातून घ्या. तांदूळ दोन प्रकारचे दिसतील. आगुल्या लांब आणि मोकळा होणारा. कारोलिनो जाडसर, चिकट. मऊ खिचडीला, वरणभाताला कारोलिनोच घ्या, सासूबाई आता दुसरा घेऊ देत नाहीत. फेजांव फ्राद म्हणजे आपली चवळीच, शिजवलेली, काचेच्या बरणीत मिळते. त्यात मीठ असतं, म्हणून चाळणीत धुऊन घ्या. कांदा परता, गोडा मसाला, गूळ नसेल तर चिमूटभर साखर, आणि पाव तासात उसळ तयार. कुकरची गरज नाही. सोबत बेकरीतले कार्कासा नावाचे छोटे पाव: वरून कडक, आतून मऊ. सकाळी ताजे आणा, दुसऱ्या दिवशी ते वातड होतात.

भाजीत कोथिंबिरीची जुडी सगळीकडे मिळते, पोर्तुगीज स्वयंपाकात ती मुबलक वापरतात. काल्दो व्हेर्द या सुपासाठी कोव्ह नावाची गडद हिरवी पानं केसासारखी बारीक चिरून पिशवीत विकतात. लसणीच्या फोडणीवर परता, वरून डाळीचं पीठ पेरा, झाकण ठेवून वाफ काढा. अशी पीठ पेरलेली भाजी घरीही इतक्या बारीक चिरलेल्या पानांची होत नाही. शाकाहारी असाल तर मात्र खानावळीत हेच सूप मागवताना विचारा, त्यात चोरिसो या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात.

मासळीसाठी आरोयुशचा गोल मंडईचा बाजार सकाळी गाठा. सोमवारी जाऊ नका. रविवारी होड्या फारशा जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजं नसतं. काव्हाला म्हणजे आपल्या बांगड्याच्या जवळचा, सार्दिन्या म्हणजे तारलीच्या घराण्यातली. कोळीण मासा तोलून हातात सुरी घेते आणि तुमच्याकडे बघते. तिला कसं कापू हे हवं असतं. ‘पारा फ्रितार’ म्हटलं की तळणीसाठी, ‘पारा ग्रेल्यार’ म्हटलं की भाजण्यासाठी. खवले, आतडी काढून देते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. डोकं हवं असेल तर खुणेने सांगा, कालवणाला लागतंच. आमची नेहमीची कोळीण तर सासूबाईंना बघितलं की डोकी आपणहून बाजूला ठेवते.

कपडे खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालतात. चांगले पिळून घाला, खालच्यांच्या चादरी वाळत असतील तर गळतं पाणी त्यांच्यावर पडतं. चिमटे दोन-दोन लावा, नदीकडून वारा येतो.

कचरा वेगळा करायचा: पिवळ्या डब्यात प्लास्टिक आणि धातू, निळ्यात कागद, हिरव्यात काच. डबे कुठे आणि पिशवी बाहेर कधी ठेवायची हे गल्लीगणिक बदलतं, ते मालकाला पहिल्याच दिवशी विचारा. काचेच्या बाटल्या रात्री टाकू नका, सगळी गल्ली जागी होते. कायद्यानेही रात्री अकरा ते सकाळी सात शांततेची वेळ आहे, आणि लाकडी जमिनीतून खुर्ची सरकवल्याचा आवाजसुद्धा खाली जातो. घरात चपला कापडी तळाच्या वापरा.

कोपऱ्यावरच्या पास्तेलारियात, म्हणजे कॉफी-केकच्या दुकानात, रोज ठरावीक वेळी कॉफी घ्या, चेहरा ओळखीचा होतो. जिन्यात कोणी भेटलं तर ‘बों दिया’, म्हणजे सुप्रभात, म्हणा, न बोलता पुढे जाणं तिथे बरं दिसत नाही. पाणी नळाचंच प्या, चांगलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करा. न उघडलेलं सामान पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवलं तर चालेल का, हे मालकाला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. आणि पहाटेचं विमान असेल तर बॅग दगडी फुटपाथवरून ओढत नेऊ नका. चाकांच्या खडखडाटाबद्दल तिथले लोक सारखे तक्रार करतात. टॅक्सी दारापाशी बोलवा, किंवा कोपऱ्यापर्यंत बॅग उचलून न्या.